आभाळ कळते, काळ कळतो का?



बहावा पिवळाधमक फुलला की दीड महिन्यावर पाऊस आला, असे आपले वाडवडील सांगत. कावळ्याने आंब्यावर घरटे बांधले तर पाऊस चांगला, बाभळीवर बांधले तर कमी, अशीही समजूत होती. अंदाज कधी चुकत. पण कौले चाळायची, सरपण भरायचे कोणी विसरत नसे.

प्रभू येशूच्या देशातही असेच होते. पश्चिमेला समुद्र, तिकडून ढग आला की पाऊस. दक्षिणेला वाळवंट, तिकडचा वारा सुटला की उकाडा. अंजिराला कोवळी पाने फुटली की उन्हाळा जवळ. हे सारे ओळखणाऱ्यांना सध्याचा काळ का ओळखता येत नाही, असे प्रभूने विचारले आणि लगेच सांगितले, की वाद्याशी वाटेतच समेट करा (लूक १२:५४-५९).

आपण आभाळ पाहून छत्री काढतो. पण बांधावरून भावाशी अबोला धरतो, मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना त्याच्याकडे पाठ फिरवतो. हे लक्षण कशाचे? या पावसाळ्याआधी कौलांबरोबर नातीही सावरू या. पहिला शब्द आपणच बोलू या.