आराखड्यात न मावलेली झाडं

चर्चगेट स्टेशनाबाहेरच्या जमशेदजी टाटा रस्त्यावर पूर्वी भर मे महिन्यातही सावली धरून चालता यायचं. मेट्रो-३ च्या स्थानकासाठी तो रस्ता खणायचं ठरलं आणि तिथल्या झाडांचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तोडीला स्थगिती मिळाली, मे महिन्यात ती उठली आणि करवती चालू झाल्या. साडेतेहतीस किलोमीटरची ती मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झाली. मुंबईला तिची गरज होतीच. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला कोणी झाडांची महती सांगू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. झाडाचा विचार आपण करतो, पण फार उशिरा करतो.

झाडांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. तोडीचा प्रस्ताव आला की वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, खोडावर नोटीस लावायची, लोकांच्या हरकती मागवायच्या आणि मग वृक्ष प्राधिकरणाने निर्णय घ्यायचा. कागदावर हे चोख आहे. पण खोडावर नोटीस लागते तोवर मार्ग ठरलेला असतो, निविदा निघालेली असते, कंत्राटदाराचे पत्रे रस्त्यात उभे राहिलेले असतात. हरकत घेणाऱ्याच्या हाती सात दिवस असतात आणि समोर असतं वर्षानुवर्षं घोटून पक्कं झालेलं संकल्पचित्र. अशा सुनावणीत फार तर पाच-दहा झाडं यादीतून सुटतात. स्थानकाचं दार वीस फूट सरकवता येईल का, हा प्रश्न विचारायची वेळ कधीच निघून गेलेली असते.

त्या संकल्पचित्रात झाड कसं दाखवलेलं असतं, ते बघण्यासारखं आहे. रस्त्याखालच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या, विजेच्या केबल्स यांसाठी चाचणी खड्डे घेतात, खोली नोंदवतात, त्या हलवायचा खर्च अंदाजपत्रकात धरतात. झाडाच्या वाट्याला येतो एक छोटा गोल आणि एक क्रमांक. मनगटाएवढ्या खोडाचा करंज आणि दोघांच्या कवेत न मावणारा पर्जन्यवृक्ष, दोघांचा गोल सारखाच. वृक्षतज्ज्ञांचा साधा हिशेब आहे: खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे चोहोबाजूंनी एक फूट जमीन न खणलेली हवी. दोन फूट व्यासाच्या खोडाला म्हणजे चोवीस फूट. मुळं खोल जातात हा आपला समज. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी, पार फांद्यांच्या टोकांपलीकडे पसरतात. हे वर्तुळ खऱ्या मापाने काढलं तर ते पदपथ व्यापून निम्म्या रस्त्यावर येईल. येऊ द्यावं. ते दिसलं, तरच अभियंत्याला पहिल्याच दिवशी त्याच्याशी झगडावं लागेल.

आणि आपले अभियंते असं झगडू शकतात, हे याच मार्गिकेने दाखवलंय. काळबादेवी आणि गिरगावात दाटीवाटीच्या जुन्या इमारती होत्या, वरून रस्ता उघडा करून स्थानक बांधायला जागाच नव्हती. तिथे जमिनीच्या पोटात शिरून बोगद्याच्या पद्धतीने स्थानकं कोरली. ही पद्धत महाग आणि जोखमीची आहे, सगळीकडे ती वापरा असं मी म्हणणार नाही. पण इमारतीसाठी पद्धत बदलायची तयारी असते, तर झाडासाठी निदान ती शक्यता तपासून नोंदवायला काय हरकत आहे?

तोडीला पर्याय म्हणून पुनर्रोपण सुचवलं जातं. नीट करायचं तर आधी काही महिने मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर खणावा लागतो, नवी तंतुमुळं फुटू द्यावी लागतात, मातीचा गोळा गोणपाटाने आवळून मगच झाड उचलावं लागतं. घाईच्या कामात जेसीबी मुळं तोडतो, फांद्या साफ छाटल्या जातात आणि क्रेनने नेलेला ओंडका दुसऱ्या खड्ड्यात उभा केला जातो. पावसाळ्यात त्याला चार पालव्या फुटतात, तेवढ्यावर अहवालात ‘जिवंत’ अशी नोंद होते. पुढच्या उन्हाळ्यात साल सुटू लागते. वड-पिंपळ त्यातल्या त्यात तग धरतात. सगळ्याच जातींना ते जमत नाही.

भरपाईचं गणितही असंच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली, पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारशाचा दर्जा मिळाला. दुरुस्ती चांगली आहे. पण पन्नास रोपं लावायला चर्चगेटला जागा कुठली? ती शहराच्या कडेला लागतात, आणि बसथांब्यावर उभ्या माणसाची सावली काही तिकडून येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरावी, असं सुचवलं होतं. पन्नास वर्षांच्या झाडाचे ३७ लाख २५ हजार होतात. हा आकडा प्रकल्पाच्या पहिल्या अंदाजपत्रकात, केबल हलवण्याच्या खर्चाशेजारी लिहिला गेला, तर पुष्कळ स्थानकांची दारं आपोआप सरकतील.

म्हणून मागणी करायची ती निविदेच्या आधी. वृक्षगणना सविस्तर प्रकल्प अहवालाबरोबरच व्हावी, मुळांची वर्तुळं मापाने काढलेला नकाशा तेव्हाच लोकांपुढे ठेवावा, हरकती त्यावर घ्याव्यात. नव्या झाडांची सात वर्षं निगा राखायची अट आहेच. कंत्राटदाराच्या देयकातला एक हिस्सा तेवढी वर्षं राखून ठेवावा आणि झाडं प्रत्यक्ष पाहून मगच सोडावा.