कौतुकातलं दुर्लक्ष

ओहायोतल्या कँटन गावी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. १९८८ साली तिथे अ‍ॅलन पेज यांचा समावेश झाला. कँटन हे त्यांचं जन्मगाव. पोरवयात याच इमारतीच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली होती. अशा सोहळ्यात खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुना प्रशिक्षक नाही तर सहकारी उभा राहतो. पेज यांनी बोलावलं एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला.

त्यांचा खेळ होता बचाव फळीतला. समोरच्या धिप्पाड गड्यांची भिंत फोडून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गाठायचं. मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि नंतर शिकागो बेअर्स, असे १५ हंगाम ते खेळले आणि एकही सामना चुकवला नाही. १९७१ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगचे सर्वात मौल्यवान खेळाडू ठरले. तोवर बचावातल्या कुणालाही हा मान मिळाला नव्हता.

पण हॉल ऑफ फेमच्या त्या सोहळ्यात ते यातल्या कशावर फारसं बोलले नाहीत. त्यांनी एक बैठक आठवली. प्रशिक्षकाने डावपेचांची वही एकेकाला मोठ्याने वाचायला सांगितली. आणि काही जणांना ती वाचताच येईना.

ही मुलं शाळेत गेली होती, पुढे महाविद्यालयातही. मग त्यांना वर्गामागून वर्ग पुढे ढकललं कुणी? ज्यांनी त्यांच्यावर टाळ्यांचा पाऊस पाडला, त्यांनीच. शनिवारी सामना आहे, कशाला पोराला वाचनाचा जाच, असं म्हणणाऱ्या मायाळू माणसांनी. एखाद्याच्या अंगातल्या एका गुणावर आपण इतके भाळतो, की बाकीचं माणूस उपाशी राहिलंय हे दिसत नाही. रागावून केलेलं दुर्लक्ष निदान कळतं तरी. कौतुकात दडलेलं कळत नाही.

पेज मात्र खेळता खेळता कायदा शिकले. १९७८ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी, धावण्याच्या व्यायामाने वजन उतरलेल्या पेज यांना व्हायकिंग्जनी मोकळं केलं आणि शिकागोने त्यांना १०० डॉलरमध्ये घेतलं. काट्यावर त्यांची किंमत तेवढी उरली होती. १९९२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर ते निवडून आले, तिथले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. सत्तरीच्या वयोमर्यादेपर्यंत, २०१५ पर्यंत, ते त्या आसनावर होते.

त्यांच्या नावाचा शिक्षणनिधी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतो, पण एका अटीवर: त्यांनी आपल्याहून लहान मुलांसाठी वेळ द्यायचा, अभ्यासात त्यांच्या सोबत बसायचं.

आपल्या घरातही कुणी धावण्यात, गाण्यात, नाचण्यात चमकत असेल. बक्षीस भिंतीवर जरूर टांगावं. मग एखाद्या संध्याकाळी पुस्तक हाती देऊन म्हणावं, जरा वाचून दाखव. आणि ते पोर अडखळलं, तर त्याच्याशेजारी बसावं.