मालमोटारीचा आडोसा

हमरस्त्यावर मोठ्या मालमोटारीच्या मागे चिकटून गाडी हाकली की पेट्रोल वाचते, असे पुष्कळजण सांगतात. त्यात तथ्य आहे. मालमोटार पुढची हवा दूर सारते. तिच्या पाठीशी शिरलेल्या गाडीला हवेचा विरोध कमी होतो. २००७ साली 'मिथबस्टर्स' या अमेरिकन टेलिव्हिजन कार्यक्रमात ताशी ५५ मैल वेगाने याची चाचणी झाली. १०० फुटांवर सुमारे ११ टक्के, तर १० फुटांवर ३९ टक्के इंधन वाचले.

आता प्रश्न असा की, ही बचत न्यायाची आहे काय? मालमोटारवाल्याचे डिझेल त्यामुळे जास्त जळत नाही, आणि वारा कोणाच्या मालकीचा नाही. मग बिघडले कुठे?

तल्मूदातील बाबा काम्मा या भागात असाच वाद आहे. भाड्याने न दिल्या जाणाऱ्या, रिकाम्या आवारात कोणी मालकाला न विचारता राहिला, तर त्याने भाडे द्यावे काय? एकाचा लाभ होतो, दुसऱ्याचे काही जात नाही. म्हणून भाडे लागत नाही. उलट, आपले काही जात नसताना दुसऱ्याला अडवणे, ही सदोमची वृत्ती म्हटली आहे. त्याच सदोमहून पोटॅशच्या मालमोटारी अरावाच्या रस्त्याने एलात बंदराकडे वर्षानुवर्षे गेल्या. दिमोना व बीर-शेवाच्या आपल्या मंडळींना तो रस्ता चांगला परिचयाचा आहे. अशा मालमोटारीच्या मागे लागणाऱ्यास आवाराचा न्याय लागू पडेल काय?

माझ्या मते नाही. 'दुसऱ्याचे काही जात नाही', हेच येथे खरे नाही. ताशी ९० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. १० फूट म्हणजे जेमतेम ३ मीटर. ते संपायला सेकंदाचा आठवा हिस्साही लागत नाही. माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद लागतो. शिवाय इतक्या जवळची गाडी मालमोटारवाल्याला आरशात दिसतही नाही. रस्त्यात उंट आडवा आला, तर ब्रेक दाबणे त्याचे कर्तव्यच. त्यापायी मागच्याचा जीव गेला, तर कायदा त्याला निर्दोष ठरवील. पण त्या रात्री त्याला झोप कशी लागेल?

रिकाम्या आवारात राहणारा मालकाच्या गळ्यात काही बांधत नाही. हा मात्र आपला आणि शेजारी बसलेल्या बायकापोरांचा जीव एका अनोळखी माणसाच्या गळ्यात बांधतो, तोही त्याला न विचारता.

काटकसर चांगलीच, पण ती स्वतःच्या पदरची असावी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ११० ऐवजी ९० ने गेल्यास तो सुमारे एक तृतीयांशाने घटतो. टपावरचे रिकामे कॅरियर काढावे, टायरांत हवा पुरेशी ठेवावी, आणि पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे, म्हणजे या वेगाला ५० मीटर, अंतर राखावे. घरी पोहोचायला थोडा उशीर होईल. पण तो वेळ आपला आहे, खर्च करण्याचा हक्कही आपलाच. दुसऱ्याच्या मनःशांतीवर तसा हक्क आपल्याला कोणी दिलेला नाही.