पाहण्याची मर्यादा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत स्थान मिळवणारी ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा ठरली. हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पाहण्यासाठी येथे गर्दी लोटते. मे महिना सरत आला की पाहुणे निघून गेलेले असतात, पाणी ओसरलेले असते आणि काठावर उरतात ती घरचीच मंडळी : बगळे, खंड्या, टिटवी. आम्हांला नदी अशा वेळीच अधिक आपली वाटते.

गेल्या उन्हाळ्यात धर्मग्रामातील चार तरुणांना घेऊन आम्ही अभयारण्याच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरलो होतो. दुपार चढत होती. एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करू लागली. शोध घेता गोट्यांमध्ये गोट्यांच्याच रंगाची चार अंडी दिसली. निमुळती टोके आत वळवून नीट मांडलेली. मुलांनी मोबाईल काढले. त्यांना आवरायचे सोडून आम्हीही वाकून निर्मात्याची किमया न्याहाळीत राहिलो. पाच-दहा मिनिटे तरी गेली असतील.

काठावर शेळ्या चारणाऱ्या एका आजीबाईंनी हाक दिली, "बाबा, मागं सरा. ती सावली धरायला आलीय अन् तुम्ही तिच्या वाटेत उभे!"

आम्ही शरमून दूरच्या बाभळीखाली गेलो. टिटवी पाण्याशी उतरली, पोट भिजवले आणि थांबत थांबत, चोरपावलांनी घरट्यावर येऊन बसली. पक्षी अंडी उबवतात एवढेच आम्हांला ठाऊक होते. भर उन्हाळ्यात त्यांना थंड ठेवणे हेही आईबापांचेच काम असते आणि तापलेल्या वाळूत काही मिनिटांची अनुपस्थितीसुद्धा आतला जीव घेऊ शकते, हे त्या दिवशी उमगले. त्या अंड्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्यास आम्ही पुन्हा गेलो नाही. जाणे योग्यही नव्हते.

आमचा हेतू निर्मळ होता. पण हेतू निर्मळ असला म्हणजे कृतीही निर्दोष ठरते काय? त्या आईच्या दृष्टीने आमचे कौतुक आणि कोल्ह्याची भूक यांत फारसा फरक नव्हता. दोघांमुळेही ती घरट्यावरून उठली होती.

येथे आम्हांला आमच्याच सेवाकार्यातील एक प्रसंग आठवतो. तरुण मुलगा गमावलेल्या एका घरी आम्ही सांत्वनासाठी रोज जात असू. आठव्या दिवशी त्या माउलीने हात जोडले, "फादर, उद्या नका येऊ. मला थोडं रडू द्या." तेव्हा आम्ही मनातून दुखावलो होतो. तिच्या दुःखावर आमच्या दयेचे ऊन पडत होते, हे कळायला टिटवी भेटावी लागली.

कोणी विचारील, सारेच दूर राहिले तर या जीवांविषयी जिव्हाळा कसा निर्माण होणार? प्रश्न रास्त आहे. न पाहिलेल्यावर प्रेम जडत नाही, म्हणून मुलांना नदीवर न्यायलाच हवे. परंतु किती जवळ जायचे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याला पाहायचे, त्याने ते ठरवायचे असते. टिटवी तर ते ओरडून सांगते. माणसे बहुधा गप्प राहतात किंवा भिडेखातर दार उघडतात. तेथे आपले कान अधिक तिखट हवेत.

यंदाही आम्ही मुलांना घेऊन गेलो. पण सकाळच्या गारव्यात, दुर्बीण घेऊन. टिटवी पहिल्यांदा ओरडली, तेव्हा पुढे असलेला मुलगा आम्ही काही सांगण्यापूर्वीच थांबला आणि दोन पावले मागे आला. त्याने त्या दिवशी काय पाहिले, हे आम्ही त्याला विचारले नाही.