मृणालताईंचा वॉर्ड

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ या शहरात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते, अंदाजपत्रके मंजूर होत होती, रस्ते खणले जात होते. निवडणुकीचे प्रकरण न्यायालयात रेंगाळले, पण त्यासाठी शहर रस्त्यावर उतरले नाही. मला याचेच वाईट वाटते. नगरसेवक नसताना आपले फारसे अडले नाही, म्हणजे तो असताना आपण त्याच्याकडून नेमके काय घेत होतो? गटारावरचे झाकण, शाळाप्रवेशाची चिठ्ठी, सणाला मंडप, देवदर्शनाची बस. या गोष्टी देणारे दुसरे कोणीही चालते.

अशा वेळी मृणाल गोरे आठवतात. २४ जून १९२८चा त्यांचा जन्म. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या. केशव गोरे यांच्याशी लग्न झाले आणि दोघांनी गोरेगाव हेच कामाचे ठिकाण मानले. गोरेगाव तेव्हा मुंबईत नव्हते. १९५७ साली ते बृहन्मुंबईत आले. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती आणि मृणालताईंच्या सार्वजनिक कामाची मुळे त्या काळातली. १९५८ साली केशवराव गेले. पदरी लहान मुलगी. १९६१ साली त्या महापालिकेवर निवडून आल्या. महिलांसाठी राखीव वॉर्ड हा प्रकार तेव्हा नव्हताच.

गोरेगावच्या वस्त्यांमधला मोठा प्रश्न पाण्याचा होता. वस्तीचा सार्वजनिक नळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो दिनक्रम सांगायला नको. पाणी सुटणार पहाटे, म्हणून रात्रीच हंडे, कळश्या, डबे रांगेत लावून ठेवायचे. चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते, मग चांगले पाणी, आणि तेवढ्यात प्रेशर जाते. मागे राहिलेल्या बायकांचा दिवस तिथेच बुडतो. मुलगी शाळेत जात नाही, आईचा कामावरचा खाडा पडतो. हा सगळा भार बाईच्या डोक्यावर होता आणि पालिकेच्या सभागृहात तो फारसा पोचत नव्हता.

मृणालताईंनी तो तिथे पोचवला. पण कसा पोचवला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. साहेबांना भेटून, फोन करून चार नळ मिळवणे नगरसेवकाला अशक्य नसते. त्यांनी बायकांनाच बरोबर घेतले. रिकामे हंडे घेऊन मोर्चा पालिकेच्या दारात जाऊ लागला, अधिकाऱ्यांना घेराव पडू लागले. जी बाई कधी कचेरीची पायरी चढली नव्हती, ती अधिकाऱ्यासमोर उभी राहून आमच्या गल्लीत पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते हे सांगू लागली. नळ आला तेव्हा त्या बाईला तो कोणाच्या उपकाराचा वाटला नाही. माझ्या मते मृणालताईंची खरी कमाई ही.

पुढचे सारे त्यातूनच आले. १९७२च्या सुमारास धान्य, तेल, रॉकेल महाग झाले तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि मृणालताई, म्हणजे कम्युनिस्ट आणि समाजवादी एका व्यासपीठावर. थाळ्या बडवत, लाटणी उंचावत बायका मुंबईच्या रस्त्यांवर आल्या. त्या शिस्तीने येऊ शकल्या, कारण त्यांतल्या कितीतरी जणींची तालीम नळावर आधीच झाली होती. १९७२ सालीच मृणालताई आमदार झाल्या, आणीबाणीत भूमिगत राहिल्या, पकडल्या गेल्या, आणि १९७७ साली लोकसभेत पोचल्या.

पण पुढे विधानसभेत परतल्यावर त्यांनी जे केले ते मला खासदारकीपेक्षा मोठे वाटते. गर्भलिंगचाचणी करून मुली पाडण्याचा धंदा मुंबईत उघडपणे, जाहिराती लावून चालत असताना स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि मृणालताईंनी त्यावर अशासकीय विधेयक आणले. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. देशातला तो या विषयावरचा पहिला कायदा. केंद्राचा कायदा आला १९९४ साली. घरोघरच्या बायकांशी वर्षानुवर्षे बोललेल्या बाईलाच हा विषय एवढ्या तातडीचा वाटू शकतो.

घरांचेही तसेच. १९७६च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखालची जादा जमीन अल्प उत्पन्नाच्या लोकांना घरांसाठी द्या, ही मागणी घेऊन बाबूराव सामंत, प. बा. सामंत आणि मृणालताईंनी नागरी निवारा परिषदेमार्फत दीर्घ झुंज दिली. गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीत, सहा हजारांवर घरे उभी राहिली. या यशालाही मर्यादा होती, हे सांगायला हवे. हप्ता भरू शकणाऱ्यांना घर मिळाले. ज्यांना तेही जमणार नव्हते ते झोपडीतच राहिले.

दुसरी मर्यादा राजकारणाची. समाजवादी पक्ष फुटत राहिला. गिरण्यांच्या संपानंतर कामगारांची मुंबईच बदलली. पक्षाच्या शाखेत गेले की काम होते, हा अनुभव लोकांना मोर्चापेक्षा जवळचा वाटू लागला आणि त्यात लोकांची चूक नाही. पोराच्या दाखल्यासाठी कोणी महिनाभर आंदोलन करीत नाही. मृणालताईंच्या पिढीने ही रोजची निकड पुरेशी ओळखली का, अशी शंका मला येते. पण काम करून देणाऱ्याकडे एकेकटे जाण्याची सवय लागली की वस्ती एकत्र येणे थांबते, आणि वस्ती एकत्र आली नाही की मोठा प्रश्न सुटतच नाही. पाण्याचेच पाहा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. म्हणजे मृणालताई प्रथम निवडून आल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी आपण तिथेच होतो. वस्ती संघटित नव्हती तिथे तो निकालही कागदावर राहिला.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, केशव गोरे स्मारक ट्रस्टचे काम चालू आहे. पुलाच्या नावाला माझा आक्षेप नाही, पण मृणालताईंच्या कामाशी अधिक नाते असलेली एक तरतूद धूळ खात पडली आहे. २००९ साली महाराष्ट्राने महापालिका कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणल्या. मतदारांनी आपल्या भागात जमून कामांचा क्रम ठरवायचा आणि नगरसेवकाने तो ऐकायचा, ही त्यामागची कल्पना. गावच्या ग्रामसभेसारखा हा हक्क शहरातल्या माणसाला मिळाला, आणि राज्यात तो जवळजवळ कुठेच वापरला गेला नाही. दारात मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारायचे तर हे विचारावे: आमच्या वॉर्डाची क्षेत्रसभा कधी बोलावणार? आणि त्याने तारीख दिली नाही तर हंडे घेऊन त्याच्या दारी जावे.