पहिल्या टेबलावरचं काम

मुलगी आजोळी जन्मली. आजोबांनी लगोलग ग्रामपंचायतीत नोंद केली आणि आईचं नाव तोंडी बसलेलंच सांगितलं: वनिता. लग्नात तांदळावर लिहिलेलं ‘शर्वरी’ हे नाव मात्र तिच्या पासपोर्टवर होतं.

तीन वर्षांनी जावयांना नेदरलँड्समधल्या हेगला नोकरी लागली. तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना मुलीचा जन्मदाखला हवा, तोही अपोस्टिल केलेला. दाखल्याची प्रत देताना ग्रामसेविकेनं पासपोर्टची झेरॉक्स पाहिली.

“आईचं नाव जुळत नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला आणा. दुरुस्ती करून देते.”

“मॅडम, यावर मंत्रालयाचा शिक्का बसणार, वर परराष्ट्र खात्याचं स्टिकर. मग कोण विचारतंय?”

एजंटनं काम चोख केलं. मुंबईत गृहविभागाची सही झाली, मग अपोस्टिल लागलं. कागद कसा भारदस्त दिसत होता!

अपोस्टिलचा करार 1961 साली झाला, तोही याच हेगमध्ये. भारत त्यात 2005 साली आला. नगरपालिकेतल्या बाईंनी स्टिकरवरचा क्रमांक संगणकावर तपासला आणि मान डोलावली. “खरं आहे.” मग त्यांनी दाखला वाचला, पासपोर्ट वाचला. “ही वनिता कोण?”

जावयांनी स्टिकरवर बोट ठेवलं.

“त्याचा अर्थ एवढाच, की त्याआधीची सही आणि शिक्का खरा आहे. आत काय लिहिलंय याची हमी त्यात नसते.”

परराष्ट्र खात्यानं गृहविभागाची सही ओळखली होती, गृहविभागानं ग्रामपंचायतीची. मोठमोठ्या कचेऱ्यांनी फक्त सह्या पाहिल्या. मजकूर वाचला होता तो एकट्या ग्रामसेविकेनं, आणि तिला घरच्यांनीच गप्प केलं होतं.

आजोबा प्रतिज्ञापत्र घेऊन पुन्हा ग्रामपंचायतीत गेले. नोंदवहीतलं जुनं नाव खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून खाली सही आणि तारीख घालतात. नव्या दाखल्याला शिक्के अर्थातच पहिल्यापासून, जुन्यावरचं अपोस्टिल त्याला चालत नाही. पैसेही पुन्हा.

सही करण्याआधी ग्रामसेविकेनं मसुद्याचा फोटो पाठवला. हेगमध्ये नवराबायको पासपोर्ट उघडून बसले.

“शर्वरीतला ‘व’ इंग्रजीत व्ही लिहिलाय का डब्ल्यू?”

“व्ही.”

“पासपोर्टवर?”

“डब्ल्यू.”

एजंटचा फोन वाजत होता. जावयांनी तो कापला आणि ग्रामसेविकेला लावला.