लपवणारा आणि लपवायला लावणारे

परवा मुलीने ‘मूनलाइट’ हा अमेरिकन सिनेमा दाखवला. 2017 साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. मायामीतल्या एका कृष्णवर्णीय मुलाचा जीव दुसऱ्या मुलावर जडतो. मोठेपणी तो ते सगळं दणकट शरीराआड दडवून टाकतो. मी गप्प बसून पाहिला.

मग तिने मागची गोष्ट सांगितली. 2003-04 च्या सुमारास तिकडे ‘डाउन लो’ या शब्दाचा फार गाजावाजा झाला. म्हणजे घरी बायको आणि बाहेर पुरुषाशी चोरून संबंध ठेवणारे कृष्णवर्णीय पुरुष. जे. एल. किंग यांचं त्यावर पुस्तक आलं, ओप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमातही ते बोलले. कृष्णवर्णीय बायकांना एचआयव्ही होतो तो यांच्यामुळेच, असं चित्र उभं राहिलं. एवढा सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही, असं संशोधकांनी पुढे दाखवलं. पण ते ऐकतो कोण? काळा पुरुष म्हणजे वासनांध, हे चित्र तिथे 1915 च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ सिनेमातही होतंच.

2005 मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’ आला. त्यातले दोघे गोरे पुरुषही बायकांपासून लपवतातच. त्यांच्यासाठी मात्र लोक रडले. गोऱ्याने लपवलं की शोकांतिका, काळ्याने लपवलं की रोगराई. हा कुठला न्याय?

पण बायकोचं काय? तिची फसवणूक झाली, हे मी बाई म्हणून कसं विसरू? सत्य हे आपलं व्रत आहे. ते मोडलं, तर मोडलंच म्हणायचं.

इथे मला माझीच आठवण झाली. नात्यातलं एक स्थळ मीच जुळवलं होतं. मुलगा सारखा “इतक्यात नको” म्हणायचा. “लग्न झालं की सगळं ठीक होतं रे,” असं मीच त्याला समजावलं. वर्षाच्या आत मुलगी माहेरी परत आली. कारण कळल्यावर “फसवलं हो त्याने!” म्हणून मी मोकळी झाले.

अनेकांत म्हणजे सगळ्यांचंच बरोबर म्हणून हात झटकणं नव्हे. त्याचं खोटं खोटंच. पण खरं बोलायला त्याला जागा ठेवली नाही, ती आम्ही. त्या हिशेबात माझंही नाव लिहायला हवं.

यंदा क्षमावाणीला मला दोघांकडेही जायचं आहे.